एकच आकडा न सांगणारे सर

सरांबरोबर कुठं जायचं म्हटलं की मी टाळायला निमित्त शोधायचे. माणूस वाईट नव्हता हो. उलट इतका सज्जन, की रागावलं तर आपल्यालाच पाप लागेल असं वाटायचं. पण चारचौघांत ते काय बोलतील याचा नेम नसायचा, आणि ते काहीही बोलले तरी मान माझी खाली जाणार एवढं मात्र ठरलेलं असायचं.

सांगली स्टँडवरून रिक्षा करायची. सर ठिकाण सांगायचे आणि लगेच विचारायचे, "पोचायला किती वेळ लागेल?"

"धा मिन्टं."

"दहाच? तसं नको. कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, ते सांगा."

रिक्षावाला आधी सरांकडं बघायचा, मग माझ्याकडं. मी रस्त्यापलीकडच्या रसवंतीकडं बघत उभी राहायचे, जणू ह्या गृहस्थांची आणि माझी ओळखच नाही. एकदा एक वैतागलेला भेटला. म्हणाला, "आवं काका, बसायचं आसंल तर बसा, न्हाईतर चालत जावा. कमीत कमी पाच मिन्टं लागतील, आन् जास्तीत जास्त सांज हुईल." सरांना राग नाही, काही नाही. रिक्षात बसल्यावर खूश होऊन मला म्हणाले, "बघितलंत बाईसाहेब? विचारलं की माणूस रेंज देतो. आपण विचारतच नाही."

बाईसाहेब म्हणजे मी. सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सर वीज शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते. एखादं घर दिवसाकाठी किती ऊर्जा खातं, वीज, गॅस, सरपण सगळं धरून, याचा अंदाज बांधायचं गणित हा आमचा विषय. आम्ही त्याला मॉडेल म्हणायचो. घरात माणसं किती, पंखे किती, पाणी कशावर तापतं, असली माहिती वरून घालायची, की खालून आकडा पडतो. बाकीचे लोक आकडा पडला की हात झटकतात. सरांचं काम तिथून पुढं सुरू व्हायचं. हा आकडा कुठवर खोटा असू शकतो? आणि खोटा असला, तर वरून घातलेल्या कुठल्या गोष्टीमुळं?

हे दुसरं प्रकरण मला काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. ते त्यांनी मला शिकवलं कुठं, तर एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात. जेवायला बसायच्या आधी मला मांडवाच्या कडेला घेऊन गेले आणि एक बांबू धरून गदागदा हलवला. "काय झालं?" म्हणाले. काही झालं नाही. मग दुसरा हलवला. वरची झालर हलली, फुलांच्या माळा खाली आल्या, आणि नवरीचा मामा "ओ, ओ, काय चाललंय!" करत धावत आला. सर त्याला म्हणतात कसे, "घाबरू नका, आम्ही एका वेळी एकच हलवतोय." त्या मामानं माझ्याकडं असं बघितलं, की मी पंगतीत सगळ्यात टोकाला जाऊन बसले. पण गंमत अशी की विषय डोक्यात बसला. सगळे बांबू सारखे नसतात. काही नुसते उभे असतात आणि एखाद्यावर सगळा मांडव असतो. आपल्या गणितातला तो बांबू कुठला, ते आधी शोधायचं.

हे वेड त्यांच्या घरात, अंगणात, पोटात, सगळीकडं शिरलेलं होतं. पोट बिघडलं आणि डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या, तर हे एकच घ्यायचे. "दोन्ही घेतल्या तर कुठल्या गोळीनं बरं वाटलं ते कळणार कसं?" अशानं ते आठवडाभर आजारी राहिले. एकदा भर मे महिन्यात फ्रीज बंद करून ठेवला, का, तर त्याचं बिलातलं वजन कळावं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सगळं दूध शेजारी नेऊन ठेवलं आणि जाता जाता म्हणाल्या, "मलाही एक महिना बंद करून बघा. घर चालतंय का ते कळेल."

काकू साताऱ्याच्या. जीभ अशी की तिखटाची गरज नाही. मला चहा देताना सांगायच्या, "अगं, बघायला आले तेव्हा माझ्या वडलांनी विचारलं, पोरीला सुखात ठेवाल ना? दुसरा कुणी असता तर हो म्हणाला असता. हे म्हणाले, साठ ते ऐंशी टक्के. वडील म्हणाले, हा गडी खोटं बोलत नाही, ह्यालाच द्यायची." मग आतल्या खोलीकडं बघून जरा मोठ्यानं, "पासष्टच्या वर काही गेलं नाही हं अजून." आतून सरांचा आवाज यायचा, "रेंजमध्येच आहे."

आता मी त्याच कॉलेजात शिकवते. सर निवृत्त होऊन साताऱ्याला राहायला गेले. मुलं मला विचारतात, मॅडम, सर खरंच तसे होते का? मी रिक्षाची गोष्ट सांगते, मांडवाची सांगते, मुलं पोट धरून हसतात. पुढची गोष्ट मी वर्गात कधी सांगत नाही.

घरोघर फिरून माहिती गोळा करायचं काम आम्ही विट्यापासून सुरू केलं. तिथली निम्मी गावं सोनं गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली. आम्ही गेलो ते घर केवढं! खाली गुळगुळीत फरशी, खोलीखोलीत एसी, आणि सोप्यात एक म्हातारी शेंगा फोडत बसलेली. मी विचारलं, "आजी, घरात माणसं किती?"

"अकरा."

मी इकडं तिकडं बघितलं. आजी होती, शेंगांची बुट्टी होती. तिसरं कुणी नव्हतं.

"थोरला कोईमतूरला आस्तोय, धाकला कलकत्त्याला. त्यांच्या बायका, नातवंडं. आन् मी," आजी म्हणाली. "अकरा झाली न्हवं?"

"झाली की," सर म्हणाले. "बरोबर अकरा."

बाहेर आल्यावर मी तडकलेच. "सर, ती म्हातारी एकटी राहते! माणसांचा आकडा चुकला की आपला सगळा मांडव खाली येणार, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"मग काय करू? तिच्या तोंडून 'मी एकटी हाय' असं वदवून घेऊ?" सर चालता चालता थांबले. "लिहा, एक ते अकरा. यात्रेला सगळे येतात."

मग त्यांनी मला त्यांचा नियम सांगितला. माणूस सांगेल तेवढं ऐकायचं. तोच प्रश्न दुसऱ्यांदा करायचा नाही. कुणी काही झाकलं असेल तर ते उघडायचं नाही. त्या बदल्यात आपण आपली रेंज रुंद करायची. "लोक लाजतात, बाईसाहेब. लाजेचा भार आपल्या गणितानं उचलायचा, त्यांनी नाही."

मला तेव्हा हे पटलं नाही. पटलं ते आमच्याच घरी.

माझं गाव कवठे महांकाळच्या बाजूला. त्या भागात फिरताना सर म्हणाले, तुमच्या घरापासूनच सुरुवात करू. आईनं आदल्या दिवशी सगळं घर पुसून काढलं, शेगडी घासून आरशासारखी केली. सर आले, बसले, एकेक विचारत गेले. सरपणाचा प्रश्न आला तशी आई ताठ झाली.

"न्हाई वो सर, आता कुटली चूल! लेक कॉलेजात हाय माजी. सगळं ग्यासवरच."

हे ती म्हणत असताना मागच्या दारातून धूर आत येत होता. परड्यात चूल होती, चुलीवर आंघोळीच्या पाण्याचा हंडा होता, पुढं पत्रा आडवा लावून तिनं तो दडवला होता. पत्र्याला धूर थोडाच अडतो? सरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. सरांनी रुमाल काढला, डोळे पुसले आणि म्हणाले, "डोळ्यात काहीतरी गेलं वाटतं. वहिनी, चहा फार सुरेख झालाय."

सर गेल्यावर आई दबक्या आवाजात म्हणाली, "सरांस्नी कळलं आसंल का गं?"

"नाही," मी म्हटलं.

त्या दिवसापासून मी सरांच्या नियमाची झाले. म्हटलं, असं मोठं मन असलेला माणूस रिक्षावाल्याशी काय वाट्टेल ते बोलू दे.

तिथून थोड्या अंतरावर माळावर एक वाडी आहे. वारं जरा जोरात आलं की त्या वाडीची लाईट जायची, ती परत कधी येईल याची रेंज सरांनाही देता आली नसती. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा ट्रस्ट वाडीतल्या प्रत्येक घराला सोलरचा संच देणार होता. वर पत्र्यावर पॅनेल, आत बॅटरी. लाईट गेली की घर बॅटरीवर चालायचं. बॅटरी केवढी लागेल ते सांगायचं काम सरांकडं आलं. सर आणि मी वाडीत दोनदा जाऊन आलो.

वाडीत एक निवृत्त हवालदार होते. आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच, तसे तेही मेजर. दारात गेलो की कडक इस्त्रीचा शर्ट घालून, पाठ ताठ करून खुर्चीत बसलेले. मुलगा पुण्याला, घरात ते आणि त्यांच्या मालकीण, म्हणजे बायको. बोलताना मध्येच थांबायचे, दम घ्यायचे, आणि जणू काही झालंच नाही असं पुढं बोलायचे. दोन्ही गालांवर वळ होते, नळीचा पट्टा काढल्यावर राहतात तसे. कोपऱ्यात एका वस्तूवर वाकळ, जुन्या साड्यांची गोधडी, टाकलेली होती आणि त्या वाकळेखालून आवाज येत होता. घर्र घर्र, मग फुस्स, मग परत घर्र. करोनानंतर तो आवाज ओळखू येत नाही असा माणूस आमच्याकडं राहिलेला नाही. ऑक्सिजनचं मशीन होतं ते.

"आणखी काही विजेवर चालतं का?" मी विचारलं.

"टीव्ही. पंखा. बास," मेजर म्हणाले.

सरांनी वाकळेकडं बघितलं. मग मेजरांकडं वळून विचारलं, "कुठं कुठं होतात तुम्ही?" मेजर खुलले. लेह सांगितलं, सिक्कीम सांगितलं. सरांनी त्यांना आपल्या फ्रीजची गोष्ट सांगितली, मालकीण पदरात हसल्या. दुसऱ्या खेपेलाही तसंच. वाकळ, आवाज, टीव्ही, पंखा, बास. शेजारच्या घरीही आम्ही असेच बसलो, चहा घेतला, सरांनी फ्रीजची गोष्ट रंगवून सांगितली. वाडीला सर आवडले होते.

मग साताऱ्याला ट्रस्टच्या ऑफिसात बैठक झाली. सरांनी आकडा ठेवला. "घराला दिवसाला दीड ते नऊ युनिट."

तिथला अधिकारी तरुण होता, दमलेला होता. तो हसला. "सर, दीड ते नऊ तर आमचा वॉचमनही सांगेल. आणि वाडीतलं कुठलं घर नऊ युनिट खातंय? दोन पंखे, चार दिवे आणि टीव्ही! हे नऊ आणलेत कुठून?"

मला माहीत होतं ते नऊ कुठून आले होते. वाकळेखालून आले होते.

"कुठलं एखादं घर असेल तर सांगा, त्याला मोठी बॅटरी देऊ," तो म्हणाला. चांगला होता बिचारा.

"ते मला सांगता येत नाही," सर म्हणाले.

"मग मला एक आकडा द्या. ऑर्डर आज जायला हवी. नाही गेली तर वरचे लोक दुसरं गाव धरतील, आणि तुमची वाडी राहील तशीच."

सरांनी पाणी मागितलं. ग्लास हातात धरून बसले, प्यायले नाहीत. मग म्हणाले, "दोन."

मी सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा मला सरांची लाज वाटली नाही. चांगलं शहाण्या माणसासारखं एक काय ते सांगून मोकळे झाले. वाडीचं काम झालं. गाडीत बसल्यावर मी म्हटलंही, "बरं झालं सर, विषय संपला." सर स्टेअरिंगवर हात ठेवून तसेच बसून होते. म्हणाले, "मी दोन म्हणालो?" तोंडातून शिवी गेल्यावर माणूस विचारतो ना, तसं.

संच बसले. वाडी खूश. मेजरांनी आपल्या मशीनची वायर हळूच बॅटरीला जोडून घेतली. लाईट अर्धा-पाऊण तास गेली तर मशीन चालायचं, बंद पडायचं नाही. त्यामुळं त्यांचा भरवसा बसला. आधी लाईट गेली की वापरायला एक ऑक्सिजनचा सिलिंडर भाड्यानं आणून ठेवलेला असायचा. मेजरांनी तो परत पाठवला. कॉलेजातल्या सरांनी हिशेब करून बॅटरी दिलीय, आता सिलिंडर कशाला, असं म्हणाले.

वैशाखात एका रात्री वळवानं वाडीच्या लाईनीचे खांब आडवे केले. बॅटरीनं थोडा वेळ मशीन ओढलं आणि मान टाकली. सकाळी मालकीणबाईंच्या हाका ऐकून वाडी धावली तेव्हा मेजरांचे ओठ काळेनिळे झाले होते. टेम्पोत गादी टाकून त्यांना मिरजेला नेलं. वाचले. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर गेले होते.

मला हे आईकडून कळलं. मी सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकही प्रश्न विचारला नाही. मेजर घरी आल्यावर मात्र सरांचा फोन आला. "बाईसाहेब, वाडीला जायचंय. येता का?" मला वाटलं, मेजरांना बघायला जातोय.

तसं नव्हतं. सरांनी वाडीच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. दारात उभं राहायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, "माझा आकडा चुकला. तुमची बॅटरी कमी पडते, ती माझ्यामुळं." लोक गांगरून जायचे. "आवं सर, आसं काय करताय? या, बसा, च्या घ्या." सर बसायचे नाहीत, पुढच्या दारी जाऊन परत तेच. पांढऱ्या केसांचा प्रोफेसर घरोघर हात जोडत चाललाय, मागून मी, खाली मान घालून. लोक दारात येऊन बघायला लागले. मी हळूच म्हटलं, "सर, पुरे आता. फक्त मेजरांना सांगा." ते म्हणाले, "दोन हा आकडा सगळ्यांनाच दिला होता ना?"

बाहेरचा गलका मेजरांनी आतून ऐकला असणार. आम्ही त्यांच्या घराजवळ पोचतोय तोवर मालकीणबाई आधी खुर्ची बाहेर घेऊन आल्या, मग ढकलत ढकलत ते मशीन. वाकळ नव्हती. वायर उंबऱ्यावरून आत गेलेली. पाठोपाठ भिंतीला धरत मेजर आले आणि सगळ्या वाडीसमोर, ओट्यावर, नाकात नळी घालून बसले. अंगात बनियन. इस्त्रीचा शर्ट नव्हता.

सरांनी हात जोडले. "मेजर, चूक माझी आहे."

"थांबा." मेजरांनी दम घेतला. "सिलिंडर परत दिला मी. तुमचा आकडा हाय म्हनून." परत दम. "पर मशीन झाकलं ते मीच. फौजेतला गडी, नाकात नळी घालून बसलाय, लोकं काय म्हनतील, म्हनून झाकलं. ती लाज माजी. ती मी घेतो."

"नाही, तुमची काही..."

"आवं ऐका की. तुमी दोन येळा आला. आवाज ऐकला का न्हाई?"

"ऐकला."

"वळखला?"

"ओळखला."

"मग इचारलं का न्हाई?"

सर म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

मेजरांनी नळी नीट केली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मला का तुमाला?"

आयुष्यभर कमीत कमी आणि जास्तीत जास्त सांगणारा तो माणूस. मशीन घर्र घर्र करत होतं. मग ते म्हणाले, "मला. मलाच विचारायला जड गेलं."

मेजर माझ्याकडं वळलेसुद्धा नाहीत. वळले असते तर बरं झालं असतं. आवाज मीही ऐकला होता, साताऱ्यात नऊ कुठून आले तेही मला कळलं होतं, आणि दोन ऐकून मी खूश झाले होते. मी आपली वायरीकडं बघत राहिले.

"आता इचारा," मेजर म्हणाले. "मोट्यानं इचारा. ऐकू दे समद्यांस्नी."

सर ओट्याच्या पायरीवर बसले आणि विचारत गेले. मशीन दिवसभर चालतं का? किती वाजता जास्त लागतं? बंद पडलं तर किती वेळ निघतो? मेजर एकेक उत्तर छाती भरून देत होते, हजेरीला ओरडावं तसं, आणि मध्ये मध्ये दमत होते. सिलिंडर त्याच दिवशी परत आणायचा, बॅटरी मोठी बसवून घ्यायची, ती येईपर्यंत सिलिंडर हलवायचा नाही, असं सरांनी मालकीणबाईंना दोनदा बजावलं. माणूस वाचलेला होता आणि पुढंही वाचायला हवा होता.

तिथून आम्ही शेजारच्या घरी गेलो. दारात तीच बाई उभी होती, जिनं मागच्या दोन्ही खेपेला चहा दिला होता. घरात दोघंच, ती आणि नवरा, असं तिनं सांगितलं होतं. सरांनी हात जोडले, आकडा चुकल्याचं सांगितलं. मग म्हणाले, "ताई, घरात तुम्ही दोघंच ना?"

"व्हय, दोगंच."

सर जागचे हलले नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांना हे करताना बघितलं नव्हतं. त्यांनी तोच प्रश्न दुसऱ्यांदा केला. "ताई, आत कुणी आहे का?"

तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता ही दार लावून घेणार आणि बरोबरच करणार. तिनं शेजारच्या ओट्याकडं बघितलं. मेजर नळी लावून तसेच ताठ बसलेले होते. तिनं पदर सोडला आणि दारातून बाजूला झाली.

"या आत."

ज्या सोप्यात आम्ही दोन वेळा चहा प्यायलो होतो, त्याला लागूनच खोली होती. मध्ये साडीचा पडदा. आत खाटेवर एक मुलगी झोपलेली होती. मुलगी कसली, माझ्याच वयाची असेल. हातपाय वाळलेले, आखडलेले, मान एका कुशीला. जन्मापासनं अशीच, तिची आई म्हणाली. उशाशी टेबलफॅन चालू होता. तो बंद झाला की तिला घाम येतो, पाठीला जखमा होतात, म्हणून लाईट गेली की आईबाप आळीपाळीनं पुठ्ठ्यानं वारा घालत बसायचे.

"हिलाबी हिशेबात धरा, सर," आई म्हणाली.

सर खाटेजवळ वाकले. तेव्हा खाटेवरची मुलगीच बोलली. शब्द ओढत, पण स्पष्ट. चेहऱ्यावर राग नव्हता. हसू होतं.

"तुमी फ्रीजची गोष्ट सांगितली तवा मी आतनं ऐकत हुते सर. लय हसू आलं. आवाज भाईर जाईल म्हनून उशीत तोंड घालून हसले."